आधी इजाजत, मग टकटक

गेल्या वर्षी ईद झाल्यावर पुणे जिल्ह्यातल्या एका शैक्षणिक ट्रस्टच्या सेक्रेटरींचा मला फोन आला. ट्रस्ट मुलींचं एक वसतिगृह चालवतो आणि गरजू मुलांना शिष्यवृत्ती देतो. सेक्रेटरी वयाने मोठे, अब्बांच्या ओळखीचे, त्यामुळे मी त्यांना चाचाच म्हणतो. ते म्हणाले, "बेटा, तू त्या सिक्युरिटीच्या लाइनमध्ये आहेस ना? आमचंही जरा बघून दे, कुठून कोणी घुसू शकतं का."

मी म्हटलं, "जरूर चाचा. फक्त ट्रस्टच्या लेटरहेडवर एक परवानगीपत्र द्या."

पलीकडे क्षणभर शांतता. मग ते म्हणाले, "अरे, आपल्यातलाच मुलगा तू. तुझ्या अब्बांना मी तीस वर्षं ओळखतो. चिठ्ठी कशाला?"

चाचांना फोनवर दिलेलं उत्तर अपुरं होतं. ते पुरं करावं म्हणून हा लेख. विषय तांत्रिक वाटेल, पण ज्या संस्थांच्या कपाटात आणि कॉम्प्युटरमध्ये आपल्या मुलांची नावं, आधार क्रमांक आणि आईबापाच्या उत्पन्नाचे दाखले पडून आहेत, त्या प्रत्येक संस्थेचा हा विषय आहे.

टकटक म्हणजे काय

इंटरनेटला जोडलेल्या प्रत्येक यंत्राला एक पत्ता असतो. त्या पत्त्यावर ६५,५३५ दारं असतात. त्यांना पोर्ट म्हणतात. बहुतेक दारं कायम बंद असतात. वेबसाइट चालू असेल तर ८० आणि ४४३ नंबरची दारं उघडी असतात. दुरून कॉम्प्युटर चालवण्याची सोय केली असेल तर २२ किंवा ३३८९ नंबरचं दार उघडं असतं. पोर्ट स्कॅनिंग म्हणजे या दारांवर एकेक करून टकटक करायची आणि कोण उत्तर देतं ते लिहून घ्यायचं. आत जायचं नाही, फक्त कोणतं दार उघडं आहे ते पाहायचं.

या कामासाठी सगळ्यात जास्त वापरलं जाणारं साधन म्हणजे एनमॅप. गॉर्डन लायन या अमेरिकन प्रोग्रामरने ते सप्टेंबर १९९७ मध्ये प्रसिद्ध केलं. ते फुकट आहे आणि कोणीही उतरवून घेऊ शकतो. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचा मुलगाही ते एका ओळीत चालवतो. अडचण तिथेच सुरू होते. त्या एका ओळीत घालायचे पर्याय शंभराच्या वर आहेत, आणि बहुतेक जण इंटरनेटवर सापडलेली पहिली ओळ उचलून चालवतात. मीही तेच केलं होतं.

तेव्हा माझ्याकडे चिठ्ठी नव्हती

मी हिंजवडीत काम करतो. हिंजवडी मुळशी तालुक्यात येते, पण आमच्यातल्या बऱ्याच जणांना तालुक्याचं ठिकाण पौड आहे हेही ठाऊक नसतं. २०१५ साली मला नोकरी लागून वर्ष झालं होतं. एका ग्राहक कंपनीच्या नेटवर्कची तपासणी करायची होती. त्यांच्या माणसाने फोनवर सांगितलं, "करा सुरू." मी सुरू केलं.

मला २५६ पत्ते तपासायचे होते. पत्त्यांच्या पट्ट्याच्या शेवटी २४ लिहायचं होतं, मी १६ लिहिलं. एवढ्या चुकीने २५६ चे ६५,५३६ पत्ते झाले. वर मी सगळ्यात वेगवान पर्याय निवडला होता, लवकर उरकावं म्हणून. दुपारी त्यांच्या दुसऱ्या इमारतीतलं हजेरीचं जुनं यंत्र बंद पडलं, आणि हा मारा कुठून होतोय याचा शोध माझ्या लॅपटॉपपर्यंत आला.

पहिला प्रश्न होता, "लेखी परवानगी कुठे आहे?" फोनवर हो म्हणणाऱ्या माणसाला आता काही आठवत नव्हतं. माझा लॅपटॉप काढून घेतला आणि चौकशी आठ दिवस चालली. शेवटी चूक टायपिंगची होती हे सिद्ध झालं आणि प्रकरण मिटलं.

प्रामाणिकपणे सांगायचं, तर त्या आठ दिवसांत माझ्या नावाबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. वर्षभर आधी तशाच चुकीसाठी दुसऱ्या एका सहकाऱ्याची चौकशी एका दुपारीत संपली होती, हेही मला कळलं. दोन गोष्टींचा संबंध होता की नव्हता, मी सांगू शकत नाही. पण अम्मी त्या आठवड्यात झोपली नाही. जून २०१४ मध्ये हडपसरमध्ये आयटीत काम करणाऱ्या एका तरुणाला जमावाने ठार मारलं होतं. फेसबुकवरच्या ज्या मजकुरावरून तो जमाव भडकला होता, त्याच्याशी त्या तरुणाचा काहीही संबंध नव्हता. अम्मीच्या डोक्यात तेच होतं. ती म्हणाली, "दुसऱ्याचं दार वाजवायचंच कशाला? दुसरं काही काम शोध."

आपल्यातले बरेच आईबाप हेच म्हणतात. नेटवर्क सिक्युरिटी शिकायला मुलगा तयार असतो, पण घरचे घाबरतात की कधी काही झालं तर आधी याच्याकडे बोट जाईल. ही भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. पण तिच्यावरचा उपाय काम सोडणं हा नाही. कागद हातात असल्याशिवाय कामाला हात न लावणं हा आहे.

कायदाही तेच सांगतो. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ मध्ये मालकाच्या किंवा प्रमुखाच्या परवानगीशिवाय त्याच्या यंत्रणेत प्रवेश करणं, ती विस्कळीत करणं, बंद पाडणं यासाठी भरपाईची तरतूद आहे. तेच अप्रामाणिक किंवा कपटी हेतूने केलं तर कलम ६६ नुसार तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कायद्यात 'पोर्ट स्कॅन' हा शब्द नाही. पण सर्ट-इन या सरकारी संस्थेने २८ एप्रिल २०२२ ला काढलेल्या आदेशात, सहा तासांच्या आत कळवायच्या घटनांच्या यादीत महत्त्वाच्या नेटवर्कवर केलेलं हेतुपुरस्सर स्कॅनिंग आहे. म्हणजे तुमच्या मनात काय होतं हे नंतर तपासलं जाईल. कागद होता की नव्हता हे आधी.

ज्याची जमीन, त्याची परवानगी

परवानगी कोणाची, हाही प्रश्न आहे. मुळशीत राहून या प्रश्नावर एक जुनी गोष्ट आठवतेच. टाटा कंपनीला मुळशी खोऱ्यात धरण बांधायचं होतं. कंपनीने शेतकऱ्यांना न विचारता त्यांच्या शेतात चाचणीचे चर खणले. सरकारची मंजुरी कंपनीकडे होती, ज्यांची जमीन त्यांची नव्हती. एप्रिल १९२१ मध्ये मावळ्यांचा सत्याग्रह सुरू झाला, सेनापती बापटांनी त्याचं नेतृत्व केलं. धरण शेवटी झालंच. पण 'फक्त चाचणी तर करतोय' हे वाक्य किती पोकळ असू शकतं, ते या तालुक्याने शंभर वर्षांपूर्वी पाहिलं आहे.

आमच्या कामात हे असं दिसतं : ट्रस्टची वेबसाइट भाड्याच्या सर्व्हरवर असते. माहिती ट्रस्टची, यंत्र होस्टिंग कंपनीचं, आणि त्याच यंत्रावर आणखी वीस जणांच्या वेबसाइट. अशा वेळी एकट्या ट्रस्टची सही पुरत नाही. होस्टिंगवाल्याचे नियम पाहावे लागतात, गरज असेल तर त्याचीही परवानगी घ्यावी लागते.

आपल्यासाठी तर ही शिकवण नवी नाहीच. कुरआनच्या सूरह नूरमध्ये २७ आणि २८ व्या आयतींत सांगितलं आहे की दुसऱ्याच्या घरात परवानगी मागितल्याशिवाय आणि सलाम केल्याशिवाय जाऊ नका, आणि परत जा म्हटलं तर परत फिरा. मदरशातल्या लहान मुलालाही हे शिकवतात. चाचांना मी हेच सांगितलं. ते हसले आणि म्हणाले, "ठीक आहे, मीटिंगमध्ये ठेवतो." तीन आठवड्यांनी ठरावासह पत्र आलं.

त्या पत्रात मी सहा गोष्टी लिहून घेतल्या होत्या. कोणते पत्ते तपासायचे. कोणत्या तारखांना, किती ते किती वाजेपर्यंत. मी कोणत्या पत्त्यावरून तपासणार. काय करायचं नाही, म्हणजे आत शिरायचं नाही आणि पासवर्ड वापरून पाहायचे नाहीत. सापडलेलं फक्त कोणाला सांगायचं. आणि रात्री काही बिघडलं तर कोणाला फोन करायचा.

कोणता पर्याय, आणि का

आता पर्यायांकडे येऊ. तरुण मुलांना यात सर्वांत जास्त आकर्षण 'लपून' करण्याच्या पर्यायांचं असतं. खोटे पत्ते मिसळून आपला पत्ता झाकायचा, किंवा इतक्या हळू टकटक करायची की पहारेकऱ्याच्या लक्षातच येऊ नये. एनमॅपमध्ये वेगाच्या सहा पायऱ्या आहेत, शून्य ते पाच. शून्य पायरीवर दोन टकटकींमध्ये पाच मिनिटांचं अंतर असतं. या हिशेबाने एका यंत्राची सगळी दारं तपासायला सात महिन्यांहून जास्त लागतील! पाच नंबरची पायरी याच्या अगदी उलट. हजेरीचं यंत्र मी तिच्यानेच बंद पाडलं होतं.

लपण्याचे पर्याय निरुपयोगी नाहीत. एखाद्या बँकेला आपला पहारा जागा आहे का हे पाहायचं असेल, तर ती तसं लेखी सांगते आणि तपासणारा तसं करतो. पण वसतिगृह चालवणाऱ्या ट्रस्टकडे पहाराच नसतो. तिथे लपून कोणापासून राहायचं? मी उलट सगळ्यांना सांगून टाकतो : अमुक रात्री अमुक पत्त्यावरून टकटक होईल, तो मी आहे.

'सिन स्कॅन' नावाच्या प्रकाराला इंग्रजीत चोरपावलांचं नाव पडलं आहे, त्यामुळे तोही चोरटा वाटतो. प्रत्यक्षात तो एनमॅपचा नेहमीचा पर्याय आहे आणि आजची कोणतीही बरी फायरवॉल तो ओळखते. त्यात दार उघडं असल्याचा इशारा मिळाला की तपासणारा तिथेच थांबतो, बोलणं पूर्ण करत नाही. 'कनेक्ट स्कॅन'मध्ये ओळख पूर्ण केली जाते, त्यामुळे पलीकडच्या प्रोग्रामवर थोडा जास्त भार पडतो. आपल्या कॉम्प्युटरवर प्रशासकाचे अधिकार नसतील, तर हाच प्रकार वापरावा लागतो. मी सिन निवडतो, कारण जुन्या, नाजूक यंत्रांना तो सोसतो. नावावर जाऊ नये.

वेगासाठी मी दोन नंबरची पायरी घेतो. एनमॅप तिला 'सभ्य' म्हणतं. दोन टकटकींमध्ये ०.४ सेकंद. सगळ्या ६५,५३५ दारांना निदान सव्वासात तास लागतात. रात्री १० ला सुरू केलं की फजरच्या सुमारास होतं. ट्रस्टची दोन ठिकाणं होती, म्हणून दोन रात्री. शिष्यवृत्तीच्या अर्जांची शेवटची तारीख जवळ असेल तर तो आठवडा टाळावा.

सगळ्यात महत्त्वाची निवड मात्र वेगाची नाही, किती दारं तपासायची याची आहे. काहीच सांगितलं नाही तर एनमॅप फक्त १,००० दारं तपासतं, जी सर्वसाधारणपणे जास्त वापरात असतात ती. दहा मिनिटांत काम होतं आणि अहवाल छान दिसतो. पण मोंगोडीबी हा डेटाबेस २७०१७ नंबरच्या दारावर बसतो, रेडिस ६३७९ वर. ही दोन्ही दारं त्या हजारात नाहीत. म्हणून माझं मत स्पष्ट आहे : छोट्या संस्थेसाठी वेग कमी ठेवा, पण दार एकही सोडू नका.

आणखी दोन गोष्टी. एनमॅप आधी घंटी वाजवून घरात कोणी आहे का पाहतं. उत्तर आलं नाही तर पुढे जातं आणि 'बंद आहे' असं लिहितं. पण पुष्कळ राउटर घंटीला उत्तरच देत नाहीत. 'घंटी सोडा, थेट दारं तपासा' असा पर्याय आहे, तो द्यायचा. दुसरं, यूडीपी प्रकारची दारं वेगळी तपासावी लागतात आणि ती फार सावकाश तपासली जातात, कारण बंद दाराचा निरोप यंत्रं मोजूनमापून देतात. लिनक्स यंत्र सेकंदाला साधारण एकच निरोप देतं, म्हणजे सगळ्यांना १८ तासांहून जास्त. तिथे मी निवडक दारंच घेतो आणि अहवालात तसं लिहितो. जे तपासलं नाही ते तपासलं नाही असं लिहिणं हाही या कामाचा भाग आहे.

एक चूक यंदाही केलीच. पत्रातल्या यादीत ऑफिसमधली यंत्रंही होती, म्हणून एका सुटीच्या दिवशी तिथे बसून त्यांची तपासणी केली. उघड्या दारामागे कोणता प्रोग्राम आहे हे विचारताना एनमॅप ९१०० नंबरचं दार मुद्दाम सोडतं, कारण काही प्रिंटर त्या दारावर आलेलं सगळं छापून टाकतात. मी 'सगळीच दारं' असा हट्ट धरणारा पर्याय दिला. शिपाईचाचा हातात कागदांचा गठ्ठा घेऊन आले, "बेटा, हे कुठल्या भाषेत आहे?"

दार उघडं सापडलं

पहिल्या हजार दारांत काही वावगं नव्हतं. तिथेच थांबलो असतो तर चाचांना 'सगळं ठीक' असं कळवून मोकळा झालो असतो.

पूर्ण तपासणीत दोन दारं उघडी निघाली. भाड्याच्या सर्व्हरवर २७०१७. आणि वसतिगृहाच्या ब्रॉडबँडवर ३७७७७, जे दार एका प्रसिद्ध बनावटीचे सीसीटीव्ही रेकॉर्डर वापरतात.

मी दोन्हीकडे उंबऱ्यावर थांबलो. आत जाण्याची परवानगी पत्रात नव्हती. सकाळी चाचांना फोन केला. सॉफ्टवेअर बनवून देणाऱ्याला विचारल्यावर त्याने मान्य केलं की डेटाबेसला पासवर्डच ठेवलेला नाही, चाचणीपुरतं उघडं ठेवलं होतं ते तसंच राहिलं. त्यात शिष्यवृत्तीचे सगळे अर्ज होते. नाव, गाव, आधार, वडिलांचं उत्पन्न, आईचा मोबाइल.

रेकॉर्डरचं काय ते पाहायला वसतिगृहाच्या वॉर्डन आपा स्वतः बसल्या. यंत्राबरोबर आलेला पासवर्ड त्यांनी स्वतःच्या मोबाइलवरून, बाहेरच्या इंटरनेटवरून टाकला आणि मुलींच्या मजल्यावरचा व्हरांडा दिसायला लागला. मी खोलीच्या बाहेर उभा होतो. आपा बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. कॅमेरे मुलींच्या सुरक्षेसाठी लावले होते. विश्वस्तांना घरून पाहता यावं म्हणून बसवणाऱ्याने राउटरमधून ते दार बाहेर उघडून दिलं होतं. चार वर्षं ते उघडं होतं. या काळात कोणी पाहिलं का, हे सांगता येत नाही, कारण नोंदच ठेवलेली नव्हती.

दोन्ही दारं त्याच दिवशी बंद झाली. खर्च शून्य.

"आपल्याकडे कोण बघतंय?"

हे वाक्य मला प्रत्येक संस्थेत ऐकायला मिळतं. उत्तर असं की बघणारा माणूस नसतोच, यंत्र असतं, आणि ते निवड करत नाही. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवून दिलं की जगभरातल्या सगळ्या नेहमीच्या पत्त्यांवरचं एक दार तपासायला एका साध्या सर्व्हरला पाऊण तासही लागत नाही. शोदानसारखी शोधयंत्रं २००९ पासून उघडी दारं शोधून त्यांची यादीच करून ठेवतात. २०१६ च्या मिराई प्रकरणात लाखो कॅमेरे आणि रेकॉर्डर केवळ मूळ पासवर्ड न बदलल्यामुळे दुसऱ्याच्या ताब्यात गेले. जानेवारी २०१७ मध्ये पासवर्ड नसलेले हजारो मोंगोडीबी डेटाबेस पुसून खंडणी मागितली गेली. त्यात कोण गरीब, कोण श्रीमंत हे कोणी पाहिलं नव्हतं.

पुणेकरांना ऑगस्ट २०१८ आठवत असेल. कॉसमॉस बँकेच्या यंत्रणेत मालवेअर घुसवून ९४ कोटींहून जास्त रक्कम दोन दिवसांत काढली गेली, एटीएममधून पैसे काढणारे २८ देशांत पसरलेले होते. १९०६ पासून चालत आलेली बँक, स्वतःचे तज्ज्ञ असलेली. आपल्या ट्रस्टकडे तर एक टायपिस्ट आणि एक ओळखीचा कॉम्प्युटरवाला.

आपल्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. जुलै २०२१ मध्ये आणि मग १ जानेवारी २०२२ ला मुस्लिम स्त्रियांचे फोटो उचलून त्यांचा 'लिलाव' मांडणारी दोन ॲप निघाली. ते फोटो कुठल्या उघड्या पोर्टमधून गेले नव्हते, समाजमाध्यमांवरून घेतले होते. पण आपल्या मुलींची नावं आणि चेहरे एकत्र करून यादी बनवणारे लोक आहेत, हे त्यातून कळलं. ज्या समाजाला हे कळलं आहे, त्याने आपल्या याद्या अशा उघड्यावर ठेवू नयेत.

२४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. आपण तो सरकारला वारंवार ऐकवतो आणि ऐकवलाच पाहिजे. पण तोच हक्क शिष्यवृत्तीचा अर्ज भरणाऱ्या मुलीला आपल्या ट्रस्टविरुद्धही आहे, हे आपण विसरतो. २०२३ च्या व्यक्तिगत डेटा संरक्षण कायद्याने ती जबाबदारी माहिती गोळा करणाऱ्यावर टाकली आहे. कायदा राहू द्या, आपल्या भाषेत या माहितीला अमानत म्हणतात. अमानत सांभाळणाऱ्याने कुलूप लावलंय की नाही हे विचारणं म्हणजे त्याच्यावर संशय घेणं नाही.

मागणं एवढंच

मशिदींचे ट्रस्ट, मदरसे, शाळा, पतसंस्था, महिला मंडळं, सगळ्यांना माझी विनंती आहे. पुढच्या बैठकीत एक विषय ठेवा : आपल्याकडे लोकांची कोणती माहिती आहे आणि ती कुठे ठेवली आहे? त्याची यादी करा. ज्याची गरज संपली ती नष्ट करा. कॅमेरे कोणी बसवले, पासवर्ड कोणाकडे आहे ते विचारा. मग जाणकाराला लेखी परवानगी देऊन तपासणी करून घ्या, सगळ्या दारांची, निदान वर्षातून दोनदा. अहवाल आला की तो फाइलला न लावता त्यावर काम करा.

तपासणाऱ्या तरुणांनाही सांगणं आहे. हे काम शिका, घाबरू नका. पण 'आपल्यातलाच' आहे म्हणून कागद सोडू नका. तो कागद तुमचं जितकं रक्षण करतो तितकंच संस्थेचंही करतो. उद्या तपासणारा बदलला, ओळख नसलेला आला, तरी पद्धत तीच राहते. ओळखीवर चाललेली व्यवस्था ओळख असेपर्यंतच चालते. आपल्या बऱ्याच संस्थांचं हेच दुखणं आहे, फक्त कॉम्प्युटरपुरतं नाही.

मागच्या महिन्यात चाचांचा पुन्हा फोन आला. वसतिगृहाला नवा मजला चढवलाय, नवे कॅमेरे यायचे आहेत. "बेटा, ठराव झालाय," ते म्हणाले. "पत्र आधी पाठवू की कॅमेरे बसल्यावर?"

मी म्हटलं, "पत्र आधी, चाचा."